ध्रुवावरचा बर्फ आणि साजगावचा बाजार

कार्तिकी एकादशीला साजगावात बोंबल्या विठोबाची यात्रा सुरू होते. सुक्या मासळीच्या बाजारावरून लोकांनी देवालाही हे लाडके नाव बहाल केले आहे! घाटाच्या पायथ्याची आम्ही माणसे. समुद्र आमच्याकडे येतो तो टोपलीतून. पण बाजार उठला की आम्ही समुद्राला काय परत पाठवतो, याचा विचार कधी केला आहे का?

उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातील बर्फाचे नमुने जर्मनीतील आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ आणि २०१५ साली गोळा केले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही ठिकाणी एका लिटर बर्फात १२,००० पर्यंत प्लॅस्टिकचे कण आढळले. वेष्टनांचे प्लॅस्टिक, रंग, नायलॉन, पॉलिएस्टर, इतकेच काय, सिगारेटच्या टोकाचे अवशेषही त्यांत होते. निम्म्याहून अधिक कण मिलिमीटरच्या विसाव्या भागाहूनही लहान होते. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फातही असे कण सापडले आहेत. जेथे ना बाजार, ना यात्रा, तेथे हा कचरा पोहोचला कसा?

प्लॅस्टिक कुजत नाही, ते झिजते. उन्हाने तडकते, लाटांनी भरडले जाते आणि त्याचा भुगा होतो. प्रवाह आणि वारे हा भुगा दूरवर नेतात. समुद्राचे पाणी गोठताना हे कण बर्फात कोंडले जातात. बर्फ वाहत जाऊन वितळला की दुसऱ्याच समुद्रात मोकळे होतात. बर्फाखालच्या शेवाळावर जगणारे सूक्ष्म जीव ते गिळतात, त्या जीवांना मासे खातात.

कोणी म्हणेल, “अहो, कुठे ध्रुव आणि कुठे साजगाव!” आपल्या यात्रेतली पिशवी ध्रुवावर गेली, असे माझे म्हणणे नाही. पण खोपोलीच्या वीजगृहातून सुटलेले पाणी घेऊन वाहणारी पाताळगंगा धरमतरच्या खाडीतून अरबी समुद्रालाच मिळते. नाल्यात पडलेली पिशवी तोच रस्ता धरते. अरबी समुद्रातील मासळीच्या पोटातही हे कण सापडले आहेत. म्हणजे ध्रुवापर्यंत जाण्याची गरजच नाही. आपण दिलेले आपल्याच ताटात परत येते. करावे तसे भरावे, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या मार्चमध्ये प्लॅस्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. बंदी योग्यच होती; पण तिचा बडगा बहुधा उचलला जातो तो टोपली घेऊन बसलेल्या मावशीवर. हा न्याय मला पटत नाही. पिशवी ती बनवत नाही. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येते म्हणून तिला ती ठेवावी लागते. पिशवी दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या टोपलीकडे वळते. तिच्या पोटावर पाय देण्याआधी कारखानदाराला जाब विचारावा, आणि त्याहीआधी आपण स्वतःला.

आणि आपण सुशिक्षित म्हणवणारे तरी काय करतो? पर्यावरणावर निबंधस्पर्धा घेतो आणि तिचा फलक प्लॅस्टिकच्या कापडावर छापतो. स्नेहसंमेलनात चहा कागदी पेल्यातून देतो, त्याला आतून प्लॅस्टिकचाच अस्तर असतो. मग व्याख्यानाला टाळ्या कशाच्या?

मित्रहो, पुढच्या स्नेहसंमेलनाचे फलक कापडावर हाताने रंगवू या. चहासाठी स्टीलचे पेले आणू या; ते विसळण्याची पाळी प्राध्यापकांसह सर्वांनी घ्यावी. आणि कार्तिकात साजगावला जाताना प्रत्येकाच्या खांद्याला कापडी पिशवी असू द्या. ध्रुवावरचा बर्फ आपण धुऊन काढू शकत नाही. पण पाताळगंगेत पडणारी पिशवी पडण्यापूर्वी अडवू शकतो. विठोबाच्या दारात एवढा नेम धरणे कठीण आहे काय?