फटफटीवरून पांचगणी
साठीनंतर एकट्यानें फटफटीवर बसूं नये, असें घरांतून सांगतात तें अगदींच अनाठायी नाहीं. तरीही वाईहून पांचगणीस जाणाऱ्यानें प्रथम मेणवलीस थांबावें. तेथील घाटावरील पोर्तुगीज घंटेवर १७०७ सालाचा आंकडा आहे; १७३९ च्या वसईविजयानंतर ती इकडे आली. पुढें पसरणीचा घाट. येथें दृष्टि रस्त्यावरच हवी. सावध करावयास पाठीमागें कोणी नसतें. कृष्णेचें खोरें व धोमचें पाणी पारशी पॉइंटावर गाडी उभी करून पोटभर पाहावें. परततांना मात्र पेट्रोल वांचविण्यासाठीं इंजिन बंद करणाऱ्या शहाण्यांचें ऐकूं नये! सारा भार ब्रेकांवर पडतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर दगा देतो. खालच्या गिअरमध्येंच, दिवेलागणीपूर्वीं घाट उतरावा.