बातमी लिहिणारीं पोरें

आमच्या शाळेच्या ओसरीवर दर शनिवारीं एक मोठा कागद चिकटविला जातो. त्यावर सहावी-सातवीचीं मुलें गांवच्या बातम्या लिहितात. कोणाच्या विहिरीला पाणी लागलें, कोणाच्या बैलाला लाळ-खुरकूत आला, नळाला किती दिवस पाणी नाहीं, बाजारांत कांदा काय भावानें गेला, असा हा मजकूर असतो. तीन वर्षें हा उद्योग चालला आहे. पारावरचे कांहीं शहाणे आम्हांस विचारतात, "मास्तर, पोरांना हे धंदे कशाला? त्यांना गणित शिकवा." गणिताचें काय झालें तें पुढें येईलच.

त्या शहाण्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्या घरांत लिहिणारा नाहीं त्या घराविषयीं दुसरा लिहितो आणि स्वतःच्या सोयीचें लिहितो. शेतकऱ्याविषयीं सावकाराची वही बोलली, कचेरीचें दप्तर बोललें. शेतकरी स्वतः कागदावर बोलूं लागला तो फार उशीरां. १८७७ सालीं कृष्णराव भालेकरांनीं पुण्यांत 'दीनबंधु' काढला. १९१० सालीं मुकुंदराव पाटलांनीं 'दीनमित्र' सुरू केला, तो पुढें नेवासें तालुक्यांतील तरवडीसारख्या आडगांवांतून निघत असे आणि एकंदर पन्नासांहून अधिक वर्षें चालला. खेड्यांत बसून खेड्याची बातमी लिहितां येते हें ज्यांनीं दाखविलें, त्यांच्या वाटेवर आमचीं पोरें चार पावलें टाकीत आहेत, इतकेंच.

पण लेखणी हातीं आल्यानें माणूस आपोआप न्यायी होत नाहीं. हें आम्हांस एका सुतारानें शिकविलें. त्याचें नांव येथें देत नाहीं, कारण एकदां देऊन झालें आहे.

पहिल्याच वर्षींची गोष्ट. एका मुलानें बातमी आणली कीं, अमका सुतार शाळेच्या मोडक्या दाराच्या फळ्या दिवेलागणीच्या वेळीं चोरुन घेऊन गेला. "तूं पाहिलंस का?" आम्हीं विचारलें. "पाहिलं गुरुजी, सायकलला बांधून नेल्या." मुलगा खोटें बोलणारा नव्हता. आम्हीं तांबडी पेन्सिल घेतली, 'चोरुन' मधला रु दीर्घ केला आणि कागद भिंतीवर लावला. ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांस जें शुद्धलेखन शिकविलें होतें, त्याचा असा उपयोग झाला.

सुताराची मुलगी पांचवीत होती. तिनें तें शनिवारीं वाचलें. सोमवारीं ती शाळेंत आली नाहीं. बुधवारीं सुतार आला, दुरुस्त केलेलें दार त्यानें बसविलें, बिजागऱ्यांना तेल दिलें आणि चहा न घेतां निघून गेला. दार हेडमास्तरांनींच त्याच्याकडे दिलें होतें आणि मजुरी नको असें त्यानें आधींच सांगितलें होतें. संध्याकाळीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. तो रागें भरला नाहीं. एवढेंच म्हणाला, "गुरुजी, माझं घर शाळेपासून दोन हाकांवर. मला एकदा विचारायला काय झालं होतं?"

मुलानें फळ्या नेतांना पाहिलें होतें, हें खरें. 'चोरून' हें त्यानें पाहिलें नव्हतें, तें त्याच्या मनांत आलें होतें. आणि तें मनांत कां आलें? सायकलवर लांकूड बांधून नेणारा गरीब माणूस दिसला कीं चोरी आठवावी, हें त्या पोरानें आम्हां मोठ्यांच्याच तोंडून ऐकलेलें असणार. गुन्हा त्याचा चार आणे, आमचा बारा आणे. चूक झाल्याचें त्याच जागीं, तितक्याच मोठ्या अक्षरांत, दोन शनिवार लिहिलें. मुलाला घेऊन सुताराच्या अंगणांत गेलों आणि तें त्याच्यासमोर वाचलें. मुलगी पुढच्या आठवड्यांत शाळेंत आली. तरीही पारावर 'फळ्यांचें काय झालें' असें विचारणारे पुष्कळ दिवस होते.

तेव्हांपासून मुलें वहीचें पान उभें दुमडतात. डाव्या अंगास पाहिलें, मोजलें, ऐकलें तें आणि कोणाकडून ऐकलें तें. उजव्या अंगास जें वाटलें तें. भिंतीवर फक्त डावें अंग जातें. 'पुष्कळ दिवस पाणी नाहीं' हें चालत नाहीं. कोणत्या वारापासून तें पाहिजे. आणि ज्याच्याविषयीं लिहावयाचें त्याच्या दारीं गेल्याशिवाय बातमी पुरी झाली असें आम्ही मानीत नाहीं. खरी असून न लिहावयाची बातमीही असते. एका मुलीनें शेजारच्या घरांतील मारहाणीची हकीकत आणली, ती खरी होती. ती आम्हीं लावली नाहीं. आम्ही त्या घरीं गेलों. ज्या मुलावर लैंगिक अत्याचार झाला त्याची ओळख छापूं नये, असें तर २०१२ चा पोक्सो कायदाही सांगतो.

कोणी म्हणेल, भिंतीवरच्या कागदासाठीं इतका बडेजाव कशाला? त्यांनीं १ जुलै २०१८ चा दिवस आठवावा. धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतील राईनपाडा गांवीं त्या दिवशीं आठवड्याचा बाजार होता. मुलें पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून त्या भागांत पसरली होती. सोलापूर जिल्ह्यांतून भिक्षेसाठीं आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच माणसांना जमावानें तेथें ठार मारिलें. मारणारेही गरीब, मेलेलेही गरीब. बातमी हातावर आली तेव्हां पानाचें डावें अंग व उजवें अंग कोणी वेगळें केलें नाहीं. आमच्या वर्गांत ही हकीकत आम्ही दरवर्षीं सांगतों, आणि ती सांगतांना मुलें जितकीं गप्प असतात तितकीं एरव्हीं कधीं नसतात.

शिकलेल्यांनाही हा धडा स्वस्तांत मिळालेला नाहीं. १८८२ सालीं कोल्हापूरच्या छत्रपतींच्या हालांविषयीं कळकळीनें लिहितांना 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनीं तेथील कारभारी बर्वे यांच्या नांवाचीं म्हणून कांहीं पत्रें खरीं धरलीं. तीं बनावट ठरलीं. टिळक आणि आगरकर तेव्हां जेमतेम पंचवीस-सव्वीस वर्षांचे; दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले. हेतु चांगला होता म्हणूनच जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून सत्यशोधक समाजाचे रामशेट उरवणे त्यांच्या जामिनासाठीं पुढें झाले, हें आमच्या वाचकांनीं अभिमानानें आठवावें. पण चांगल्या हेतूनें बनावट कागद खरा होत नाहीं. आज असला कागद फोटो होऊन खिशांतल्या फोनवर येतो, एवढाच फरक.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, तुमच्याकडे आमचें मागणें आहे. पोर वही घेऊन तुमच्या दारीं आलें आणि "काका, तुमच्या डेअरीचा फॅट किती लागला?" असें विचारूं लागलें, तर त्याला हाकलून देऊं नका. आणि तुमचें स्वतःचें पोर प्रश्न विचारूं लागलें, तर मोठ्यांच्या तोंडीं लागूं नकोस म्हणून त्याचें तोंड दाबूं नका. तें तोंड दाबण्याचा मोह आम्हांसही झाला होता, म्हणून हें सांगतों.

सातवींतल्या एका मुलीनें यंदा शालेय पोषण आहाराची बातमी आणली. बाप कुंभार, मुलगी हिशेबांत पक्की. पहिली ते पांचवीच्या मुलास १०० ग्रॅम व सहावीच्या पुढें १५० ग्रॅम तांदूळ, हें प्रमाण तिनें पाहिलें. त्या दिवशीं खालच्या वर्गांत ६२ व वरच्या वर्गांत ३४ मुलें हजर, म्हणजे ११ किलो ३०० ग्रॅम. रजिस्टरांत तेवढाच आंकडा होता. स्वयंपाकीणबाईंना विचारलें, तर त्या म्हणाल्या ९ किलो शिजविला. "गणित शिकवा" म्हणणाऱ्यांनीं हें गणित पाहावें.

आम्हीं तिला हेडमास्तरांकडे पाठविलें. कांहीं मुलें डबा आणतात, अन्न वांया जाऊं नये म्हणून कमी शिजवितों, असें ते म्हणाले. मग रजिस्टरांत ११ किलो ३०० ग्रॅम कां, यावर ते बोलले नाहींत. तिनें दोन्ही लिहून आणलें: उत्तर दिलें तें, आणि दिलें नाहीं हेंही. त्या शनिवारीं आम्हीं ती बातमी लावली नाहीं. जागा नाहीं असें सांगितलें. जागा होती. बदली, चौकशी, घरचे हप्ते, सगळें डोळ्यांपुढें उभें राहिलें होतें. सोमवारीं ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "गुरुजी, यांत डाव्या बाजूचं नसलेलं काय आहे?"

पुढच्या शनिवारीं बातमी लागली. दोन दिवस हेडमास्तर आमच्याशीं बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं स्वयंपाकघराच्या दारांत तराजू टांगला आणि मुलांसमोर तांदूळ मोजण्यास सुरुवात केली. आमच्या बदलीची कुजबुज गांवांत आहे. ती बातमी कोणीं डाव्या अंगास लिहिलेली नाहीं, म्हणून येथें अधिक लिहीत नाहीं.

त्या मुलीनें मात्र तराजूलाही सोडलें नाहीं. किराणा दुकानांतून किलोचें वजन मागून आणलें आणि कांट्याला अडकविलें. कांटा ९५० ग्रॅमवर थांबला. म्हणजे हा तराजू वजन कमी दाखवितो आणि हेडमास्तर हल्लीं तांदूळ थोडा जास्तच घालीत आहेत. ती त्यांना विचारून आली, त्यांचें म्हणणें लिहून घेतलें, आणि हा अंक छापावयास जात असतां ती बातमी भिंतीवर आहे.