शिकवायला कारखान्याने यावं

एमआयडीसीत फिरताना दोन तक्रारी हमखास कानावर येतात. मालक म्हणतात, कामाची पोरं मिळत नाहीत. पोरं म्हणतात, आयटीआय केलं तरी काम मिळत नाही. दोघंही खरंच बोलतात.

कागदावर सोय जुनीच आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा. आजच्या नियमांप्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामावर असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २००७-०८ मध्ये केंद्र सरकारने १,३९६ सरकारी आयटीआयसाठी उद्योगांच्या भागीदारीची योजना आणली. संस्थेला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज आणि देखरेखीला व्यवस्थापन समिती, तिचा अध्यक्ष उद्योगातला. रचना चांगली होती. पण समितीच्या बैठकीला येणारा उद्योजक वर्कशॉपमध्येही उतरला, तरच तिचा पोरांना उपयोग.

कारण हे काम पुस्तकातून अर्धंच कळतं. सीएनसीवर टूल झिजलं की ऑफसेट किती द्यायचा, पहिला जॉब मायक्रोमीटरने तपासल्याशिवाय पुढचे शंभर का लावायचे नाहीत, माल रिजेक्ट झाला तर नुकसान कुणाकुणाचं होतं, हे वीस वर्षं मशिनवर उभा राहिलेला माणूस सहज सांगतो. तो माणूस मुलांना भेटतच नाही. आणि त्यांना शिकवणारा निदेशक कित्येक वर्षांत कारखान्याच्या आत गेलेला नसतो. यात त्याचा दोष नाही. त्याला कुणी बोलावलेलंच नसतं.

जर्मनीत मुलगा आधी कंपनीशी करार करतो. आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत, उरलेले एक-दोन व्यावसायिक शाळेत, असं दोन ते साडेतीन वर्षं चालतं. शेवटची परीक्षा उद्योग-व्यापार मंडळ घेतं आणि परीक्षकांत मालक, कामगार, शिक्षक तिघांचेही प्रतिनिधी असतात. तिथे मुलगा कच्चा राहिला तर मालकाला शाळेकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही. मला त्या पद्धतीतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडेही काही आयटीआयमध्ये अशी दुहेरी प्रशिक्षणाची सोय आहे, ती वाढायला हवी.

मात्र शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्तातला हेल्पर, ही समजूत आधी गेली पाहिजे. वर्षभर पॅकिंग करून आणि झाडू मारून मुलगा प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडत असेल, तर ती भागीदारी नव्हे, फसवणूक आहे.

लहान कारखानदारांना माझी विनंती आहे. जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना भेटा. महिन्यातून एक दिवस तुमचा सर्वांत जाणता कारागीर तिथे पाठवा, पगारी. उन्हाळ्यात तिथल्या एका निदेशकाला महिनाभर तुमच्या मशिनवर उभं राहू द्या. यासाठी सरकारच्या नव्या योजनेची वाट पाहू नका.