गोडादऱ्याचा फोन

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सुरतेला साडूंकडे गेलो होतो. साडू मूळचे अमळनेर तालुक्यातले, राहायला गोडादऱ्यात. उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा हा सुरतेचा पट्टा म्हणजे दुसरे खानदेशच. रिक्षात अहिराणी, भाजीच्या गाडीवर अहिराणी. भुसावळ-सुरत रेल्वेने कापडाच्या धंद्यासाठी माणसे येत गेली आणि इथलीच झाली.

रात्री साडूंनी गावी व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या आई पंचाहत्तरीच्या. घरात रेंज येत नाही, म्हणून शिडीने धाब्यावर चढून बसलेल्या. "कवय येशी रे भाऊ?" एवढेच विचारत होत्या. "येतो, येतो" म्हणत साडूंनी फोन मुलीकडे दिला. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे म्हणा! पोरे पुण्याला नाहीतर बेंगळूरला, आणि रात्री फोनवर "जेवलास का?", "ऊटा आयता?"

नेट आले की खेडी ओस पडायची थांबतील, असे आपण ऐकत आलो. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्राने 2011 मध्ये मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. त्याच 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आलेली दिसली. सिंधुदुर्गाचीही घटली. पण कोकणी माणूस नेटअभावी थोडाच गेला? मुंबईची वाट गिरण्यांच्या काळापासूनची.

साडूंकडे तर मला उलटेच दिसले. पूर्वी सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालायला गावी जावे लागे. आता डिजिटल सहीचा उतारा गोडादऱ्यात बसून निघतो. 'एक देश, एक रेशन कार्ड'मुळे महाराष्ट्राच्या कार्डावर सुरतेत अंगठा लावून धान्य मिळते. सोय मोठीच, पूर्वीचे हेलपाटे कुणालाच नकोत. पण गावी जाण्याचे एकेक निमित्त मात्र गळाले.

साडूंची मुलगी संगणकावर साड्यांची डिझाइन करते. मी मास्तरकी केलीच. "हे काम आजीजवळ राहून नाही का करता येणार?"

"फाइल पाठवता येईल हो काका, लाईट असली तर," ती हसली. मग म्हणाली, "पण तिथं बोलू कुणाशी? माझ्या बरोबरीच्या मुली लग्न होऊन इकडंच आल्यात."

यावर माझ्या एम.ए.त उत्तर नव्हते.

निघायच्या दिवशी साडू म्हणाले, "गावच्या घरी वायफाय बसवून टाकतो. वर्षाचे पैसे एकदम भरले की आईला शिडी चढायला नको."

आमच्या सौ. पिशवी भरता भरता म्हणाल्या, "तेवढ्या पैशात अमळनेरची तिकिटं किती येतील, भाऊजी?"

साडू उठले आणि आमच्यासाठी रिक्षा बघायला खाली गेले.