हात कापतो म्हणून गोळी?

१ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याआधी २०१० मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेती झाली, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने सुवर्ण घेतले. दोघीही कोल्हापूरच्या. साहजिकच ‘मुलाला नेमबाजीला घालू का?’ असे पालक आम्हा डॉक्टरांनाही विचारतात. अवश्य घाला.

मात्र एका गृहस्थांचा प्रश्न निराळा होता. मुलगी पंधरा वर्षांची. सरावात उत्तम, स्पर्धेत हात कापतो. धडधड कमी करणारी गोळी स्पर्धेच्या सकाळी दिली तर चालेल का? गोळीचे नावही ते कुठूनसे ऐकून आले होते!

प्रोप्रानोलॉल. रक्तदाब, अर्धशिशी, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांवर आम्ही ती देतो. तिने ठोके मंदावतात, कंप कमी होतो. म्हणूनच नेमबाजांना ती स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही वर्ज्य आहे. २००८ मध्ये बीजिंगला उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याची दोन ऑलिंपिक पदके याच औषधापायी काढून घेण्यात आली. पदकाचे सोडा, दमेकरी मुलाला या गोळीने श्वास कोंडण्याचा धोका असतो. इन्शुलिन घेणाऱ्या मुलाची साखर उतरली, तर छातीत धडधडण्याची पूर्वसूचनाच मिळत नाही. लहानपणी बालदमा होता हे घरचे विसरलेलेही असतात.

दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका असतो अवघा अर्धा मिलिमीटर. ७५ मिनिटांत ६० नेम. हृदयाचा ठोका नळीच्या टोकापर्यंत जाणवतो. तो मंद करण्याचा उपाय जुनाच आहे : रोज जलद चालणे किंवा पोहणे, पुरेशी झोप, स्पर्धेआधी कडक चहा-कॉफी बंद. पाठीच्या व पोटाच्या स्नायूंचा व्यायामही हवाच, कारण चार-पाच किलोची रायफल कंबर वाकवून पेलायची असते. ‘या खेळात पळावे लागत नाही’ म्हणून स्थूल मुलाला इकडे धाडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नेम स्थिर होत नसेल तर रायफल खाली घ्यायची, श्वास सोडायचा, पुन्हा सुरुवात करायची, हे या खेळात पहिल्यापासून शिकवतात. घड्याळ पळत असताना, शेजारचा धडाधड दहा घेत असताना, ‘आता झाडायची नाही’ असे पंधराव्या वर्षी ठरवता येणे, याला मी नेतृत्व म्हणतो. वर्गाचा मॉनिटर होण्यापेक्षा ते अवघड आहे. घाबरून, सावरून ते अंगी येते. सकाळच्या गोळीने नेमकी तीच संधी हिरावली जाते.

आणखी एक. एअर रायफलच्या छऱ्यांत शिसे असते. ते बोटांना लागून डब्यातील पोळीबरोबर पोटात जाते, आणि वाढत्या मुलांच्या मेंदूला शिसे फार वाईट. छरे तोंडात धरू देऊ नयेत. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू देऊ नये. क्लासमध्ये नळ आणि साबण आहे ना, हे फी भरण्यापूर्वीच पाहून घ्यावे.