सातबारा आपल्या नावावर हवा



आज थोडं भांडायचं आहे. तुमच्याशी नाही, तर "काकू, वेबसाइट वगैरे तुमचं काम नाही, द्या माझ्याकडे" या वाक्याशी.

आमच्या महिला मंडळाची वेबसाइट एका ओळखीच्या मुलाने 35,000 रुपये घेऊन करून दिली होती. चातुर्मासाचे कार्यक्रम, कंदमुळांशिवायच्या पाककृती, वर्षाचा हिशेब, सगळं तिच्यावर. एक तारीख बदलायची तरी त्याला चार फोन करायचे. पुढे तो परगावी गेला. वर्षाचे पैसे भरायचे राहिले आणि साइट बंद पडली. आमच्याकडे ना पासवर्ड, ना मजकुराची प्रत. साइटचं नावसुद्धा त्याच्याच खात्यावर! दोष त्याच्या एकट्याचा कसा म्हणू? किल्ल्या आम्हीच काढून दिल्या होत्या. हे अवघड असतं, असं न बघताच मान्य करून बसलो होतो.

मग मी स्वतः बघितलं. वर्डप्रेस नावाची प्रणाली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी 2003 मध्ये आणली. ती फुकट मिळते. आज जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त वेबसाइट तिच्यावर चालतात. पैसे लागतात ते दोनच गोष्टींना : साइटचं नाव, म्हणजे डोमेन, आणि जागेचं भाडं, म्हणजे होस्टिंग. दोन्ही दरवर्षी भरायचे. पहिल्या वर्षीची सवलत बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षीचा दर आधी विचारा.

वर्डप्रेस पाच मिनिटांत बसतं अशी त्याची ख्याती. मला पाऊण तास लागला. जागा देणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या पानावर त्यासाठी एक बटणच असतं. ते दाबलं की साइटचं नाव, वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड आणि ईमेल विचारतात. बँकेत खातं उघडायचा फॉर्म याहून लांब असतो! सेटिंगमध्ये जाऊन भाषाही मराठी करून घेतली.

सजावटीचं म्हणाल तर त्याला थीम म्हणतात. हजारो थीम फुकट आहेत. थीम बदलली तरी लिहिलेला मजकूर जागेवर राहतो, कारण तो वेगळ्या डेटाबेसमध्ये असतो. पडदे बदलले म्हणून कपाटातली भांडी बदलत नाहीत, तसंच. 2018 पासून मजकुराचे ठोकळे करता येतात. परिच्छेद एक ठोकळा, फोटो दुसरा. वर-खाली सरकवा, झालं.

"पण मोडलं तर?" हा प्रश्न रास्त आहे. जाहिरातवाले 'सोपं, सोपं' म्हणतात आणि पुढचं सांगत नाहीत. बसवणं सोपं असलं तरी सांभाळणं हे रोजच्या केरवाऱ्यासारखं काम आहे. साइटला जास्तीची सोय जोडणाऱ्या तुकड्यांना प्लगइन म्हणतात. फुकट दिसतात म्हणून वीस-पंचवीस बसवले की साइट जड होते, आणि जुना, कुणी न सांभाळलेला प्लगइन म्हणजे चोराला उघडी खिडकी. आपण पाणी गाळून पिणाऱ्या बायका. प्लगइनही गाळून घ्या. शेवटचा कधी सुधारला आहे ते बघा, आणि नको तो काढून टाका. परिग्रह इथेही वाईटच. थीमच्या मूळ फाइलमध्ये हात घालू नका. नवी आवृत्ती आली की तो बदल पुसला जातो, म्हणून आधी 'चाइल्ड थीम' करायची. आणि बॅकअप घ्यायचा : डेटाबेसचाही आणि फोटो-थीमच्या फोल्डरचाही. एकच घेतला तर अर्धं घर गेलंच म्हणून समजा. बॅकअप त्याच जागेवर ठेवू नका, घरच्या पेन ड्राइव्हवर ठेवा.

सगळं स्वतःच करा, असं मी म्हणत नाही. ऑनलाइन विक्री करायची असेल, पैसे घ्यायचे असतील, तर जाणकार माणूस बोलवा आणि त्याची मजुरी चोख द्या. पण गवंड्याकडून घर बांधून घेतो म्हणून आपण सातबारा त्याच्या नावावर करतो का? त्याच्यासाठी वेगळं खातं उघडा आणि काम झालं की ते बंद करा. मुख्य खातं मंडळाकडेच राहू द्या.

बाजारात एक रुपयाची कोथिंबीर जास्त मागून घेणाऱ्या आपण, आणि इथे मात्र पावतीसुद्धा मागत नाही! तेव्हा येत्या बैठकीत चार प्रश्न विचारा : डोमेन कुणाच्या नावावर आहे, होस्टिंगच्या खात्याला कुणाचा ईमेल आहे, मुख्य पासवर्ड कुणाकडे आहे आणि शेवटचा बॅकअप कधी घेतला? उत्तरं मंडळाच्या वहीत लिहून अध्यक्ष आणि खजिनदार दोघींच्या सह्या घ्या. पासवर्ड मात्र वहीत लिहू नका, तो बंद पाकिटात ठेवा. कुणी हसून "काकू, तुम्हाला कशाला?" म्हणालं, तर चहा द्या आणि प्रश्न पुन्हा विचारा.