धंद्याची रीत कागदावर आणा

घोडेगावच्या बाजारात कांद्याचे वजन झाल्यापासून पट्टी हाती पडेपर्यंतची रीत हमालालाही पाठ आहे. पण ती लिहिली कोणी? धंद्यातील अशाच कामाच्या साखळीवर २००३ साली हॉलंडमधील आइंडहोवनला विद्वानांची परिषद सुरू झाली. तेथे निबंध पाठवावा लागतो, जाणकार तपासतात, मगच तो स्वीकारला जातो. मुंबईच्या डबेवाल्यांची पद्धत २०१० मध्ये हार्वर्डच्या अभ्यासात गेली. लिहिणारे मात्र डबेवाले नव्हते.

मी कापडवाला. मालाच्या मागणीपासून उधारीच्या वसुलीपर्यंत सारे माझ्या डोक्यात. माणूस गेला की तेही गेले. व्यापारी बंधूंनो, कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना गल्ल्याजवळ बसवा, एकेक टप्पा लिहवून घ्या, प्राध्यापकांच्या मदतीने निबंध पाठवा. नाकारला तरी तपासणाऱ्यांचे शेरे हाती येतात, धंद्यातली गळती कळते.